पुढच्या कडेचा दिवा

लॅपटॉपला फडकं लावायचं नाही, असं मी भाविकला पहिल्याच दिवशी सांगितलं. भाविक माझ्या चुलतभावाचा मुलगा. रस्त्यापलीकडे त्याचं सायबर कॅफे आहे. कुठलंही मशीन हातात आलं की आधी ते पुसायची त्याला सवय. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि मी त्याचा हात धरला. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं होती. पुतळानं दसऱ्याला लावलेली. पुतळा माझी बायको. दिवाळी संपली आणि ती गेली.

भाविक "बरं काका" म्हणाला आणि रुमाल परत ठेवला. त्यानंतर तो त्या मशीनला फक्त कीबोर्डापुरता हात लावायचा. उचलायचं असलं की मला उचलायला सांगायचा.

आमची मुलगी उन्नती मस्कतला असते. जावई प्रितम तिथे एका गोदामात सुपरवायझर आहे. मागच्या उन्हाळ्यात दोघं आले तेव्हा हा लॅपटॉप आणि वर अडकवायचा छोटा कॅमेरा इथे ठेवून गेले, मायलेकींना एकमेकींचं तोंड दिसावं म्हणून. नेट भाविकच्या कॅफेत होतं. पण मधे रस्ता. आमच्या राहनाळ गावात गोदामं झाल्यापासून त्या रस्त्यावरून कंटेनर जायचे थांबत नाहीत. भाविकनं दोन बांबू रोवून वायर वरून आणली, ती कापडाच्या गाठी भरलेल्या ट्रकनं तोडून नेली. खालून गाडली, ती चाकांखाली मेली. शेवटी त्यानं आपल्या खिडकीत वायरलेसचा डबा ठेवला आणि नेट हवेतून आमच्या घरात आलं.

पुतळाला ते फार आवडलं. तिकडे शुक्रवारी सुट्टी असते आणि इथे शुक्रवारी कापडाचे लूम बंद म्हणून लाइट टिकते, त्यामुळे आमचा वार शुक्रवारच ठरला. ती लॅपटॉप परातीसारखा दोन्ही हातांवर धरून घरभर फिरायची. तव्यावरचे बोंबील दाखवायची. मोरीत नवीन बसवलेला नळ दाखवायची. मला दाखवून म्हणायची, "ह्यो बग तुजा बाप, अजून आंगोल न्हाय." उन्नती तिकडे हसायची. मला त्या वेळी कटकट वाटायची. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो.

माझे पूर्वी लूम होते. घरामागच्या शेडमध्ये. परवडेनात म्हणून भंगारात दिले आणि शेड एका औषधवाल्याला गोदाम म्हणून भाड्यानं दिली. लूम होते तोवर पुतळा दर दसऱ्याला प्रत्येक लूमला हळदीकुंकू लावायची, झेंडूचा हार घालायची, नारळ फोडायची. लूम गेल्यावर पहिला दसरा आला तेव्हा तिची किडनी बिघडलेली होती. पाय सुजलेले. तरी उठली. ताट केलं आणि म्हणाली, घरात आता एवढंच यंत्र राहिलंय. लॅपटॉपच्या झाकणावर बोटं लावली. पुढच्या कडेला एक बारका निळा दिवा लागायचा, तिथेही एक बोट लावलं. दिवा दिसला की तिथे कुंकू लावायचं, एवढं तिला ठाऊक. हळद, कुंकू, थोडं पाणी आणि गूळ. गूळ ती नेहमी घालायची, बोट उमटून राहावं म्हणून.

त्याच संध्याकाळी नेट लागलं नाही. भाविक म्हणाला, व्हायरस आहे. विंडोजची कॉपी चोरीची होती, ती अधूनमधून आपोआप बंदही पडायची. त्यानं ती काढून टाकली आणि लिनक्स घातलं. त्याच्या कॅफेतही निम्म्या मशीनवर तेच होतं. ते फुकट असतं, कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं. पण लिनक्स घातल्यावरही वायरलेस चालेना. तोवर पुतळाला ठाण्याला दवाखान्यात नेलं होतं. तिथे खाटेवरून तिनं मला विचारलं, झालं का ते सुरू. मी म्हटलं, होईल. ती गेली तेव्हा उन्नतीला सातवा महिना होता. डॉक्टरनं विमानात बसू दिलं नाही. तिनं आईचं तोंड पाहिलं नाही.

मी लॅपटॉप कपाटात ठेवून दिला.

त्यानंतर मला घरात बसवेना. सकाळी उठलो की बाहेर. पारावर बसायचो, तिथून उठून गोदामांच्या रस्त्यानं चालायचो, कुणाच्या तरी दुकानात टेकायचो. जेवायला राहीबाई वहिनीकडे, म्हणजे भाविकच्या आईकडे. घरी फक्त झोपायला. लोक म्हणायचे, रामनाथ फार फिरायला लागला. फिरत नव्हतो. एका जागी थांबलो की छातीत काहीतरी सुरू व्हायचं, एवढंच.

माघात प्रितमचा फोन आला. बाळ झाल्याचं आधीच कळलं होतं, मुलगी. या वेळी तो हळू बोलत होता. बाहेर जिन्यात उभा असावा. म्हणाला, उन्नती झोपत नाही. मध्येच विचारते, आईला फोन लावला का. आई गेली असं सांगितलं की गप्प होते, मग थोड्या वेळानं पुन्हा तेच. बाळाचं बारसं करायचंय, ती करू देत नाही. त्याची आई बाळंतपणाला तिकडे गेली होती, ती पुढच्या शनिवारी परत येणार होती. बारसं त्याच्या आत, शुक्रवारी करायचं ठरलं होतं. मग उन्नतीनं फोन घेतला.

"बाबा, मला घर दाखवा."

मी म्हटलं, भाविकच्या कॅफेत जाऊन बसतो, तिथे तुला मी दिसेन.

"कॅफे नको. घर. आई जशी फिरवायची तसं. मला रोज दिसतं की ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी आहे. ती नाही हे मला बघायचंय. ते बघितल्याशिवाय मी बाळाला पाळण्यात घालणार नाही."

भाविकनं त्याच दिवशी घराचे फोटो काढले आणि पाठवले. तिनं उत्तर पाठवलं की फोटोत सगळीच घरं रिकामी असतात.

म्हणून लॅपटॉप कपाटातून बाहेर आला आणि भाविकचा रुमालही.

त्यानं काम सुरू केलं ते असं. आधी आतलं वायरलेसचं कार्ड मशीनला दिसतंय का ते पाहिलं. दिसत होतं. मग म्हणाला, काका, कार्ड आहे पण त्याच्या पोटात काही नाही. या कार्डात एक छोटी फाइल भरावी लागते, ती लिनक्सबरोबर येत नाही, नेटवरून घ्यावी लागते. म्हणजे नेट यायला फाइल हवी आणि फाइल यायला नेट हवं. मी विचारलं, असं कोणी बनवलं. तो म्हणाला, बनवणाऱ्यांच्या घरी वायर असते.

त्यानं कॅफेतून ती फाइल पेन ड्राइव्हवर आणली. ती जुनी निघाली. दुसरी आणली. ती भरली तर मशीन आणखी एक वस्तू मागायला लागलं. ती आणायला तो उठला तेव्हा मीच म्हटलं, तू बस, मी आणतो. मला ते बरं वाटलं. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात घालायचा, कंटेनर जाऊ द्यायचा, रस्ता ओलांडायचा, कॅफेतल्या लडकूला द्यायचा, तो भरून द्यायचा, परत यायचं. भाविक कागदाच्या चिटोऱ्यावर नावं लिहून द्यायचा, लडकू ती शोधायचा. लडकू कॅफे सांभाळायचा, भाविकच्याच वयाचा, दोन मुलांचा बाप. दुसऱ्या दिवशी म्हणाला, रामनाथकाका, तुम्हाला वायरलेस नको, तुम्हीच नेट आहात.

आमच्याकडे दुपारी लाइट जायची. लॅपटॉपची बॅटरी थोडाच वेळ टिकायची. लाइट गेली की भाविक कॅफेत जायचा, तिथे इन्व्हर्टर होता, आणि मी पुन्हा रस्त्यावर. लाइट आली की कुठे असेन तिथून घराकडे. एकदा कोन गावच्या नाक्यापर्यंत गेलो होतो. चहा सांगितला होता. समोरच्या दुकानातला पंखा फिरायला लागलेला दिसला आणि चहा तसाच टाकून रिक्षात बसलो.

मंगळवारी भाविकनं कल्याणहून यूएसबीला लावायचं दुसरं कार्ड आणलं. त्याला लिनक्ससाठी ड्रायव्हरच नव्हता. मग त्यानं विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या आतून चालवायचा एक प्रोग्राम घातला. ते करता येतं म्हणे. मशीन गपकन थांबलं. बाण हलेना. भाविकनं बटण दाबून धरलं, बंद केलं, चालू केलं. पुन्हा तेच. तो खुर्चीतून उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. मी म्हटलं, नवीन कार्ड राहू दे. जुनंच लागायला हवं, ते लागत होतं.

"ते विंडोजवर लागत होतं काका."

"मशीन तेच ना?"

दुसरा एखादा लॅपटॉप मागावा म्हणून त्यानं गोदामवाल्या एका शेठकडे विचारून पाहिलं होतं, पण शेठ मशीन घेऊन सुरतला गेला होता. गावात तिसरा लॅपटॉप नव्हता.

बुधवारी त्यानं काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाकली. मशीन चालू होताना जे जे घडतं ते सगळं ओळीनं वर सरकायला लागलं. तो एका ओळीवर थांबला. मी जवळ होतो. मला अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही. त्याला विचारलं.

तो म्हणाला, कार्ड सांगतंय की रेडिओ, म्हणजे वायरलेसच, बंद करायचा खटका बंदवर आहे. तो उघडल्याशिवाय वायरलेस चालणार नाही. पण नेटवर पाहिलं तर पुष्कळ लोकांना हीच ओळ खोटी येते, खटका उघडा असला तरी. त्यांनी एका फाइलीत एक शब्द बदलला आणि झालं. भाविक तो शब्द बदलत राहिला. मशीन बंद, चालू. बंद, चालू. ओळ तीच. मी मागे येरझाऱ्या घालत होतो. शेवटी तो म्हणाला, काका, तुम्ही बसा नाहीतर बाहेर तरी जा, माझ्या डोक्यात तुमची पावलं वाजतात.

मी बाहेर गेलो.

गुरुवारी सकाळी तो आला तेव्हा मशीन न उघडता नुसता समोर बसला. मी चहा विचारला नाही, कारण घरात चहा होतच नव्हता. तो लॅपटॉपच्या पुढच्या कडेकडे बघत होता. मग म्हणाला, त्या दिव्याच्या शेजारी एक खटका आहे. नखानं सरकवायचा. उजवीकडे असला की चालू. तो उजवीकडेच दिसतो. पण तो शेवटपर्यंत गेलाय का, हे बघून कळत नाही.

मी म्हटलं, मग.

तो म्हणाला, "काका, त्याच्या खाचेत काकीचं कुंकू आहे. घट्ट झालंय. तिथे हात लावू द्या."

मला कळायला थोडा वेळ लागला. आणि कळलं तेव्हा एकदम सगळंच कळलं. दसऱ्याचा दिवस. संध्याकाळी न लागलेलं नेट. व्हायरस नव्हता. विंडोजही नव्हतं, लिनक्सही नव्हतं. बोट लावताना तिनं खटका किंचित ढकलला असेल आणि गूळ वाळून तो तिथेच बसला असेल. पुढचे सगळे शुक्रवार, ती दवाखान्यात जाईपर्यंत, मायलेकी फोनवर बोलल्या. एकमेकींना दिसल्या नाहीत.

मी भाविकवर ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही. म्हणालो असेन की तुला मशीन जमत नाही म्हणून तिच्यावर ढकलतोस. म्हणालो असेन की काकी असताना तुझं तोंड उघडलं असतं का. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मी चपला घातल्या आणि निघालो.

गोदामांच्या रांगेतून चाललो. हमाल ट्रकमधून खोकी उतरवत होते. एका शेडवर वेल्डिंग चाललं होतं. शेलारला जाणारी रिक्षा थांबली, रिक्षावाल्यानं विचारलं, मी नाही म्हटलं, आणि थोडं पुढे जाऊन वाटलं की बसायला हवं होतं. कुठेही गेलो असतो. फिरत फिरत वहिनीच्या दारात आलो. जेवायची वेळ झालेली नव्हती. राहीबाई वहिनी अंगणात सुकी मासळी निवडत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी पाट पुढे सरकवला. मी उभाच राहिलो. भाविकनं त्यांना सांगितलं असणार, कारण त्यांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं मीच म्हटलं, तिच्या हाताचं तेवढंच राहिलंय वहिनी. झाकणावरचंही पुसट व्हायला लागलंय. कडेचं तेवढं आहे तसं आहे.

त्यांनी मासळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"भावजी, कुकू कशाला लावलंन तिनं? मशीन चालावी म्हनून. बंद रावावी म्हनून न्हाय."

एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा मासळीत बघायला लागल्या. मग वर न बघता म्हणाल्या की पोरीनं तिकडे नातीला अजून बाळच म्हणत ठेवलंय, हे पुतळाला चाललं असतं का ते बघा. नंतर, जेवून जा. मी म्हटलं, येतो.

घरी भाविक नव्हता. लॅपटॉप टेबलावर होता. त्यानं तो बंद करून नीट सरळ ठेवला होता.

मी लूमवाला माणूस. माझ्याकडे अजून हत्यारांचा डबा आहे. त्यात फणीतून धागा ओढून घ्यायचा पातळ हूक असतो, सुरीच्या पात्यासारखा चपटा, टोकाला खाच. लूम विकले तेव्हा सगळं दिलं, हा राहिला. तो घेतला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. दार लोटून घेतलं, का ते माहीत नाही, कोणी येणार नव्हतं. लॅपटॉप खिडकीकडे कड करून ठेवला.

बोटाचा ठसा स्पष्ट होता. वर रुंद, खाली निमुळता. तिचं अनामिकेचं बोट. बोटाच्या कडेनं हळद, मधे कुंकू. मी बराच वेळ नुसतं बघितलं. माझं बोट त्याच्या शेजारी धरून पाहिलं, माझं मोठं. मग हुकाचं टोक खाचेत घातलं.

कोरडं होतं. आधी वरचं सुटलं, पापुद्र्यासारखं. आत गुळानं धरलं होतं, तिथे हूक फिरवावा लागला. लाल कण वर्तमानपत्रावर पडत होते. ठसा निम्मा गेला, मग सगळाच गेला, ठेवता आला नाही. खाचेतून शेवटचा खडा निघाला तेव्हा खटका माझ्या नखाखाली सैल झाला. उजवीकडे ढकलला. तो आणखी थोडा गेला, टक झालं.

मशीन चालू केलं. ते उठायला वेळ घेतं. मी उभा होतो. पडदा आला. पुढच्या कडेचा दिवा आधी लुकलुकला, मग लागला. निळा. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी यादी उघडली आणि त्यात एकच नाव होतं, भाविक सायबर.

वर्तमानपत्रावरचे कण मी गोळा केले. देवळीत पुतळाचा करंडा होता, तो उघडला, आत तिचं कुंकू होतं निम्मं. त्यात ते टाकले आणि झाकण लावलं. मग रस्ता ओलांडून कॅफेत गेलो. भाविक एका गिऱ्हाइकाला प्रिंट काढून देत होता. मला पाहून जरा मागे सरकला. मी म्हटलं, पासवर्ड घालायला ये.

तो आला. त्यानं कड पाहिली, दिवा पाहिला. पासवर्ड टाकला. नेट लागलं. मी त्याला म्हटलं, सकाळी बोललो ते मनावर घेऊ नको. तो म्हणाला, मला तर आठवतच नाही काका, तुम्ही इतक्या जोरात बोलत होता की शब्दच कळले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी कॉल लागला. आधी प्रितम दिसला, मग त्याची आई, नऊवारी नेसलेली, मागे सजवलेला पाळणा. पाळण्यात कुणी नव्हतं. मग उन्नती. गालफडं बसली होती. मांडीवर बाळ, पुतळानं आधीच शिवून ठेवलेल्या कुंचीत. उन्नती म्हणाली, बाबा, फिरवा.

मी लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला. पुतळा कसा घ्यायची ते आठवून. कॅमेरा पुढे आणि पडदा माझ्याकडे अशी सोय त्यात नव्हती, म्हणून मी मशीन पडदा पुढे करून धरलं, आणि ती कुठे बघतेय ते मला दिसेना. फक्त आवाज येत होता. ओटी दाखवली. देवघर. पुतळाची खाट, गादी गुंडाळलेली. ती म्हणाली, स्वयंपाकघर.

स्वयंपाकघरात मी बरेच दिवस गेलो नव्हतो. पाणी प्यायला जायचो, तेही दारापर्यंतच, माठ दारापाशीच होता. ओट्यावर धूळ होती. गॅसचा कॉक बंद. शेगडीवर कापड टाकलेलं, ते पुतळाच्या तेराव्याच्या वेळी वहिनीनं टाकलं होतं, तसंच. मी मशीन हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवलं. पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं, लाइन तुटली.

मग उन्नती म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे राहत नाही का?"

मी म्हटलं, राहतो की. झोपायला येतो.

ती रडायला लागली. इतके दिवस ती रडली नव्हती, प्रितमनं फोनवर सांगितलं होतं. आता रडली. मी मशीन धरून उभा होतो, त्याचं तोंड ओट्याकडे. कंटेनर गेला, भांडी थरथरली. तिच्या सासूबाईंनी बाळ घेतलं असावं, कारण बाळाचा आवाज लांब गेला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, मशीन ओट्यावर ठेवा. तुमच्याकडे तोंड करून. चहा करा. मी बघते.

मी कापड काढलं. कॉक उघडला. पातेलं घासलं, कारण त्यात कोळी होता. साखर सापडेना. ती म्हणाली, वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यात. तिथेच होती. गोळा झालेली, चमच्यानं फोडावी लागली. चहापत्ती कुठे असते तेही तिनंच सांगितलं. दूध नव्हतं. कोराच केला. मी कप हातात घेऊन ओट्यापाशी उभा राहिलो. ती बघत होती. नाक पुसलं आणि म्हणाली, बसा ना, उभ्यानं काय पिताय.

मी पाट घेतला आणि बसलो.

तिनं मागे वळून सासूबाईंना सांगितलं, आणा तिला. बाळ पाळण्यात घातलं. प्रितमची बहीण तिकडे नव्हती, म्हणून शेजारच्या एका बाईनं आत्या होऊन कानात नाव सांगितलं. कानातलं मला ऐकू आलं नाही. मग पाळण्याभोवतीच्या बायकांनी ते मोठ्यानं म्हटलं. मनाली. मी इकडून म्हणून पाहिलं, मनाली. उन्नतीनं पाळण्याची दोरी ओढली.

कॉल संपल्यावर भाविक आला. विचारलं, मधे तुटलं का. मी सांगितलं, नाही, कुठेच तुटलं नाही. त्याला कोरा चहा दिला. तो एक घोट पिऊन म्हणाला, काका, हा चहा फॉर्मॅट करायला लागेल. मग म्हणाला की चला, आई ताट वाढून बसलीय.

मी म्हटलं, वहिनींना सांग, आज माझं ताट नको. तांदूळ आहेत का बघतो.

तांदूळ होते. पाखडून, धुऊन लावले. पाण्याचा अंदाज चुकला, भात खाली लागला. खाल्ला.